टपावरची चौकट

काठ्या चार होत्या. चारही गळाच्या, चारही अखंड बांबूच्या. दुमडणारी किंवा जोडाची एकही नाही. अजेयने त्या दिवाणखान्यातून थेट स्वयंपाकघरापर्यंत आडव्या मांडून मोजल्या. सर्वांत छोटी नऊ फूट दोन इंच, सर्वांत मोठी अकरा फूट चार इंच, उरलेल्या दोन मधल्या. मग खाली जाऊन त्याने गाडी आतून मोजली. तिरकी टेप धरूनसुद्धा आठ फुटांना एक इंच कमी. गाडी एक, जाणारी माणसं दोन, टपावर सामान ठेवायची सोय शून्य. यावरून निष्कर्ष काढायला भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. लागत नाही, पण अजेयकडे ती होती, म्हणून त्याने तो रीतसर काढला. काठ्या टपावरून न्याव्या लागणार आणि टपावर त्यासाठी काहीतरी बांधावं लागणार.

काठ्या त्याच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या. कर्णिक मास्तर म्हणून त्यांना सगळा कर्जत तालुका ओळखत होता. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांच्या मते ती उत्तम झाली, तात्यांच्या मते त्यांचं सगळंच झालं. "माझं झालं आता," हे वाक्य ते चहा नको म्हणताना वापरत, पंखा बंद करताना वापरत आणि कुणी तब्येत विचारली तर तेवढंच वापरत. हळूहळू त्यांनी वस्तू वाटायला काढल्या. रेडिओ गेला, छत्री गेली, शिकारी टोपी गेली. आता काठ्यांची पाळी होती. रविवारी संध्याकाळी कळंबचा दशरथ त्या न्यायला येणार होता.

अजेयने दोन आठवडे हुज्जत घालून त्यांच्याकडून एकच सवलत मिळवली. त्याच रविवारी सकाळी, कशेळ्याच्या पुढच्या डोहावर, एकदा शेवटचं गळ टाकून मासे गरवायला जायचं.

"येतो," तात्या म्हणाले. "पण काठीला ओरखडा जरी आला, तरी मी गाडीतून उतरणार नाही. तिथूनच दशरथाला देऊन टाकीन."

मुलाला नेमकी भीती याचीच होती. काठ्या गेल्या की या माणसाजवळ हातात धरायला काही उरणार नव्हतं, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो आपलं म्हणणं खरं करून दाखवेल, असं अजेयला वाटत होतं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही. तो टपाकडे वळला.

खालच्या मजल्यावरचा राजेश हा इमारतीचा सेक्रेटरी. इमारतीत कुणीही खिळा ठोकला तरी त्या खिळ्याला सल्ला द्यायला तो हजर असे. "लोखंड," तो म्हणाला. "लोखंडाला पर्याय नाही." गच्चीवर एक जुनी लोखंडी खाट होती. तिचे पाय कापून ती टपावर उलटी ठेवली की झालं, असं राजेशचं गणित होतं. चौघांनी मिळून ती उचलली, टपावर ठेवली आणि टपाने 'डब्ब' असा आवाज केला. खाट उतरवल्यावर टपाच्या मधोमध बशीएवढा खोलगट भाग दिसू लागला.

"पाणी साचेल," अजेय म्हणाला.

"चिमण्यांना होईल प्यायला," राजेश म्हणाला आणि लोखंडाबद्दल पुन्हा बोलला नाही.

दुसरा प्रयोग अजेयने स्वतःच्या डोक्याने केला. बाथरूमच्या कामाचे लांब प्लास्टिकचे पाइप असतात, त्यांत काठ्या सरकवायच्या, मागचं तोंड बुचाने बंद करायचं आणि पाइप टपाला भोकं पाडून पट्ट्यांनी कसायचे. भोकं पाडण्याआधी चाचणी हवी, म्हणून त्याने पाइप तात्पुरते चिकटपट्टीने बसवले आणि तो खोपोलीच्या रस्त्याला लागला. त्याची नोकरी खोपोलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. चाचणीही होईल आणि हजेरीही लागेल, असा हिशेब होता.

गाडीने वेग घेतला आणि पाइप वाजू लागले. एका टोकाला बंद असलेल्या नळीत वारा शिरला की काय होतं, हे अजेयने दोन वर्षं पुस्तकात वाचलं होतं. शंखासारखा, खोल, न थांबणारा आवाज खालापूरपर्यंत त्याच्या डोक्यावर होत राहिला. टेंपो बाजूला होऊन वाट देऊ लागले. रस्त्याकडेला काकड्या विकणारी एक म्हातारी उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. खालापूरच्या अलीकडे हवालदाराने हात दाखवला.

"हे काय वाजतंय?"

"हवा," अजेय म्हणाला.

"कुणाची हवा?"

"कुणाची नाही. वाऱ्याची. पाइपच्या लांबीवर सूर अवलंबून असतो. पाइप लांब असला की सूर खाली जातो."

"शिकलेले दिसता," हवालदार म्हणाला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "हे पाइप पक्के बसवणार?"

"भोकं पाडून."

"मग तो गाडीतला बदल झाला. बदलाला कागद लागतो. कागदाला अर्ज लागतो. अर्जाला गाडी आधी होती तशी करून दाखवावी लागते." तो जरा जवळ आला. "दोरीनं बांधा. दोरीनं बांधलेलं ते सामान. सामानाला कुणी विचारत नाही."

अजेयला हे तर्कशास्त्र मनापासून पटलं. हलकं हवं, वाजणार नाही असं हवं, भोक न पाडता दोरीने बांधता येणारं हवं. तिन्ही अटी पुऱ्या करणारा पदार्थ निसर्गाने आधीच तयार करून ठेवला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो कर्जतच्या नदीकडच्या बाजूला असलेल्या सहदेवच्या बांबूच्या वखारीत गेला.

"दोन बांबू द्या, सात फुटी," तो म्हणाला. "आणि आडवे तुकडे सहा, दोन-दोन फुटांचे. बांधायला काथ्या."

सहदेवने हातातला कोयता खाली ठेवला. "कोनासाटी?" त्याने हळूच विचारलं.

"वडिलांसाठी."

"मास्तरांसाटी?" सहदेव खाली बसला. मग पुन्हा उठला. "कंदी?"

"रविवारी सकाळी. डॉक्टरांनी रविवार चालेल म्हणून सांगितलंय."

"डाक्टरनी दिस पन सांगितला?"

"हो. सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत. आणि हलके बघून द्या हं, मागच्या वेळी चौघं लागले उचलायला."

सहदेवला या मागच्या वेळेचा काहीच उलगडा झाला नाही. पण अशा प्रसंगी माणसाला फार विचारू नये, हे त्याला कळत होतं. त्याने सरळ, गाठी तासलेले बांबू निवडून दिले, काथ्याचं अख्खं भेंडोळं दिलं, भावाची घासाघीस केली नाही आणि अजेय निघाला तेव्हा "पुन्हा या" असंही म्हणाला नाही. वखार चालवायची तर गिऱ्हाइकाशी थोडं गोड बोलायला हवं, असं अजेयला वाटून गेलं.

यापुढचा प्रत्येक निर्णय अजेयने विचार करून घेतला, हे इथे नमूद करायला हवं. दोन लांब बांबू समांतर ठेवून त्यांवर सहा तुकडे आडवे बांधले, कारण वजन सारखं विभागलं जातं. नायलॉनऐवजी काथ्या वापरला, कारण काथ्या घसरत नाही. काठ्यांचं व्हार्निश उन्हाने उडू नये म्हणून त्यांवर कापड गुंडाळायचं ठरवलं, आणि पांढरा रंग उष्णता परतवतो म्हणून पांढरं निवडलं. आईने, म्हणजे मालतीबाईंनी, गाद्यांच्या खोळींसाठी आणलेलं कोरं मांजरपाट काढून दिलं. गळाला लावायची गांडुळं प्लास्टिकच्या डब्यात गुदमरतात. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपत राहतं आणि आत गारवा टिकतो. म्हणून ती लहान मडक्यात भरली आणि मडकं सुतळीच्या शिंक्यात अडकवून चौकटीच्या पुढच्या टोकाला टांगलं. माशांना जमवायला पाण्यावर कुरमुरे टाकतात, त्यांची पिशवी मागच्या टोकाला बांधली. दसऱ्याला गाडीला घातलेला झेंडूचा हार अजून ताजा होता. तो काढू नकोस, असं मालतीबाईंनी बजावलं. पण पुढच्या काचेवर लोंबत होता म्हणून अजेयने तो वर चौकटीवर घेतला.

रविवारी उजाडताना तात्या खाली उतरले. पांढरा सदरा, पांढरा लेंगा. छातीवर ताण नको म्हणून अजेयने पुढची सीट पूर्ण मागे पाडली होती. तात्या त्यावर आडवे झाले. वारा लागू नये म्हणून त्यांनी कानांत कापसाचे बोळे घातले, गळ्यापर्यंत शाल ओढली, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि राग आला की मिटतात तसे डोळे मिटले.

राजेश दात घासत बाल्कनीत आला. त्याने वरून गाडी पाहिली. त्याचा ब्रश थांबला.

"अजेय," तो म्हणाला, "हे जरा म्हणजे..."

"काय?"

"नाही. काही नाही. असू दे." आणि तो आत गेला. दोन आठवड्यांत राजेशने सल्ला गिळल्याची ही पहिलीच वेळ होती. अजेयने त्याचा अर्थ संमती असा घेतला.

ताशी वीसच्या वर जायचं नाही आणि दिवे चालू ठेवायचे, असं त्याने ठरवलं होतं. कर्जतच्या चार फाटा चौकात पोलिसाने त्याला लांबूनच पाहिलं, आडव्या रस्त्याची वाहनं थांबवली, टोपी काढून काखेत धरली आणि त्याला सरळ वाट करून दिली. शासन आणि विज्ञान यांच्यातलं हे सहकार्य अजेयला फार सुखावून गेलं. त्याने मान लववून आभार मानले. पोलिसाने डोळे पुसले.

मागच्या गाड्या मात्र पुढे जायला तयार नव्हत्या. अजेयने हात बाहेर काढून खुणावलं. एकानेही वाट घेतली नाही. उलट दर गावात एखादी मोटारसायकल रांगेत शिरत होती. मास्तरांची ती फिकट निळी गाडी साऱ्या तालुक्याला पाठ होती, आणि रस्त्याकडेच्या निम्म्या माणसांनी तात्यांच्या हातून पाढे शिकलेले होते. माणसं चालता चालता थांबून हात जोडत होती. मागे रस्त्यावर कुरमुऱ्यांची एक बारीक, न तुटणारी रेघ पडत चालली होती. पिशवीला कोपऱ्यात भोक होतं.

"आज लोक फार सभ्य वागतायत," अजेय म्हणाला. तात्यांच्या कानांत कापूस होता.

कशेळ्याच्या नाक्यावर जीपवाल्यांनी जीपा बाजूला घेतल्या. दोन दुकानांची शटरं निम्मी खाली आली. गर्दीमुळे गाडी थांबवावीच लागली, तेव्हा गाठी तपासाव्यात म्हणून अजेय खाली उतरला. त्याच क्षणी गर्दीतून दशरथ धावत आला आणि त्याने अजेयला घट्ट मिठी मारली.

"दादा, काय झालं रं हे! संध्याकाळी येनार व्हतो ना मी!"

"संध्याकाळी या की. आत्ता आम्ही नदीवर निघालोय."

"नदीवरच नेनार," दशरथ म्हणाला आणि त्याला हुंदका फुटला.

अजेयने मिठीतूनच एक हात काढून टपावरची गाठ चाचपली. त्याच्याभोवती माणसं जमली. सगळी हलक्या आवाजात बोलत होती.

"देवमानूस हो. मला सोळाचा पाढा त्येंनीच शिकवला."

"मारायचे बी लई."

"मारायचे म्हनून आला पाढा."

भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या येसूबाई म्हणाल्या, "मुलगा बग कसा कोरडा उभा हाय. शिकलेली पोरं अशीच."

दशरथने नाक पुसलं. "मास्तर लाखात एक," तो म्हणाला. "पन आता गेलेल्या मानसाबद्दल खोटं कशाला बोलू? गळाला हात नव्हता त्येंचा. तीस वर्सं डोहावर बसले, पन वीतभर मासा कंदी लागला नाय बिचाऱ्यांना."

"मासे वळखायचे त्येंना," मागून कुणीतरी म्हणालं. "मास्तर आले की निजायचे निवांत."

"त्या काठ्या मला देनार व्हते. मी म्हनलं, द्या, निदान मासे तरी बगतील त्या काठ्या."

गाडीच्या उघड्या खिडकीतून आवाज आला.

"वीत कुणाची? तुझी की माझी?"

येसूबाईंच्या हातातली पाटी गेली आणि वांगी रस्ताभर पळाली. दशरथ अजेयला धरूनच दोन पावलं मागे सरकला. खिडकीत आधी शाल हलली, मग एका हाताने दुसऱ्याही कानातला कापसाचा बोळा काढून बाहेर फेकला, मग सीटचा खटका वाजला आणि कर्णिक मास्तर पाठ ताठ करून बसले. त्यांनी समोर लोंबणारं मडकं पाहिलं. डोकं बाहेर काढून वर बांबू, मांजरपाट आणि हार पाहिला. मागे वळून गाड्यांची रांग आणि कुरमुरे पाहिले. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"काथ्या घसरत नाही म्हणून," अजेय म्हणाला. "आणि पांढरं कापड उष्णता परतवतं. मडक्यात गांडुळं आहेत. बाष्पीभवनामुळे..." एकेक कारण बोलता बोलता त्याला पहिल्यांदाच सगळी कारणं एका जागी बांधलेली दिसली. त्याचे कान लाल झाले.

"बापाची तिरडी आदीच बांदून त्येला फिरवून आनतो," येसूबाई वांगी गोळा करत म्हणाल्या. "काय एकेक शिक्षान!"

तेवढ्यात अजेयचा फोन वाजला. मालतीबाई होत्या.

"अजू, घरी अकरा माणसं आलीत. मी सांगून दमले, हे गरवायला गेलेत, हे गरवायला गेलेत. सगळे म्हणतात, हिला धक्का बसलाय. तनयाला तिच्या सासरी खालापूरला कुणीतरी कळवलं, ती रडत निघालीय. तिला खरं सांगितलं तर म्हणाली, आई, तू आधी पाणी पी."

"मग आता?"

"शेजारून पिठलं-भातही आलाय. मला एवढंच सांग, चहा टाकू का? म्हणजे अशा घरी चूल पेटवलेली बरी दिसत नाही. पण तसं झालेलं नाही, तर माणसांना कोरडं बसवायचं तरी कसं?"

तात्यांनी फोन घेतला. "कोण कोण आलंय?" त्यांनी विचारलं आणि बराच वेळ ऐकत राहिले. "पोस्टमास्तर नाही आले? ... बरं. लक्षात ठेवतो. ... हो, टाक चहा. आणि तनयाला म्हणावं, मी दुपारी तुझ्याशी बोलेन, आत्ता मला काम आहे." फोन परत देऊन ते दशरथाकडे वळले. "मागे बस."

"मी कशाला, मास्तर..."

"बस म्हटलं ना. तुझा हात बरोबर पाहिजे मला."

डोहावर गाडी पोचली तेव्हा मागची रांगही पोचली. असल्या वाटेला लागलेला माणूस अर्ध्यातून घरी परतत नाही, पाण्याला पाय लावूनच जातो. त्यामुळे सगळे काठावर ओळीने, शांतपणे बसले. हसायचं की नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. चौकट चौघांनी मिळून टपावरून उतरवली आणि सवयीने पाय दक्षिणेकडे करून ठेवली. अजेयने कापड सोडून काठ्या एकेक तपासल्या. ओरखडा एकीलाही नव्हता. तसं त्याने सांगितलं. तात्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते तोवर सर्वांत लांब काठी घेऊन दगडावर बसले होते.

ऊन वर आलं. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ टळली. अजेय दोनदा उठून आपली छत्री धरायला गेला. दोन्ही वेळा तात्यांनी त्याला सावली पाण्यावर पडते म्हणून हाकललं. पिशवीच्या तळाशी उरलेले कुरमुरे त्यांनी पाण्यावर टाकले. काठावरचे लोक घड्याळं बघू लागले. पण मास्तर उठल्याखेरीज उठायचं कसं, हा शाळेपासूनचा प्रश्न होता.

"माझं झालं," तात्या अचानक म्हणाले, आणि अजेय छत्री टाकून त्यांच्याकडे धावला. "हे गांडूळ संपलं. दुसरं दे."

दुसऱ्या गांडुळाला नाही, तिसऱ्याला काठीचं टोक वाकलं. तात्यांनी झटका दिला नाही. थोडी दोरी जाऊ दिली, थोडी घेतली, पुन्हा जाऊ दिली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे पूर्ण उघडे होते. दशरथ नकळत उभा राहिला होता. "सोडू नका, मास्तर, सोडू नका," तो पुटपुटत होता. मरळ पाण्याबाहेर आली, दगडावर आपटली आणि काठावरच्या त्या सगळ्या दुःखी माणसांनी एकच आरोळी ठोकली.

"वीतभर हाय की!" येसूबाई ओरडल्या. त्या केव्हा आल्या होत्या, कुणाला माहीत नव्हतं.

तात्यांनी माशाशेजारी हात पसरला. मासा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत भरून थोडा पुढे गेला. मग दशरथने आपला हात पसरला. त्याचा पंजा नांगराचा. करंगळी शेपटीच्या पुढे निघाली.

"माजी वीत नाय भरली, मास्तर."

"मी तुझ्या वितीचं कुठे म्हटलं होतं?"

"तुमीच इचारलंत, कुनाची."

दोन्ही बाजूंना माणसं विभागली गेली. जीपवाले दशरथाकडे, पाढेवाले मास्तरांकडे. वाद चालू असतानाच दशरथने हळूच विचारलं, "मंग मास्तर, काठ्या न्यायला संध्याकाळी येऊ ना?"

"काठ्या?" तात्या म्हणाले. "कशाला? पुढच्या रविवारी इथेच ये. रिकाम्या हातानं. बसून बघ." आणि त्यांनी मुलाला हाक मारली. "अजेय, उगाच उभा राहू नकोस. टेप काढ."

अजेयने मरळ ओल्या कापडाने पुसून सपाट दगडावर सरळ ठेवली, तोंड मिटवलं आणि टेप न ताणता लावली. तात्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं, दशरथने आणखी एकदा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, तिन्ही वेळा, एकवीस पूर्णांक चार सेंटीमीटर.